कळशीचं तोंड आणि कळशीचा तळ

आठवी-नववीच्या चित्रकलेच्या वहीत एक तरी कळशी असतेच, आणि ती बहुतेक वेळा एकाच जागी चुकलेली असते. तोंड गोल, तळ मात्र पट्टीने मारल्यासारखा सरळ. वर चमक, खाली पडछाया, सगळा साज चढवलेला. तरी कळशी टेबलावर बसत नाही, हवेत लटकते. शेडिंगने ही चूक झाकत नाही, जास्तच डोळ्यांत भरते. म्हणून माझा एक हट्ट आहे: पहिले दोन-तीन महिने शेडिंगला हात लावू नये. पालकांना तो पटत नाही, कारण नुसत्या रेषांची वही पाहुण्यांना दाखवता येत नाही.

सामान थोडंच लागतं. एचबी (कडक), २बी आणि ४बी (मऊ, गडद) पेन्सिली पुरतात. सुरुवातीला तर एकटी २बी. शार्पनरपेक्षा कटरने टोक करावं, शिसं साधारण ८ ते १० मिमी बाहेर ठेवावं, म्हणजे पेन्सिल आडवी धरून रुंद छटाही देता येते. सरावाला स्वस्त, कोरा न्यूजप्रिंट. एकच गोष्ट टाळू नये ती म्हणजे बोर्ड. शाळेचा बाक सपाट असतो. त्यावर कागद ठेवून वाकून पाहिलं की कागदाची वरची बाजू डोळ्यापासून लांब जाते आणि उभं माप आखडलेलं दिसतं. हात नकळत ते भरून काढतो आणि चित्र उभं ताणलं जातं. तास संपल्यावर कागद भिंतीला लावला की कळशीची सुरई झालेली असते. बोर्ड मांडीवर टेकवून बाकाच्या कडेला तिरका ठेवावा, नजर कागदावर काटकोनात पडेल इतका. बोर्ड नसेल तर जाड पुठ्ठा आणि दोन क्लिपा.

रेषेबद्दल थोडक्यात. मुलं मनगटातून दोन-दोन सेंटिमीटरचे तुकडे जोडत जातात, त्यामुळे रेषेला केस फुटतात. दोन टिंबं द्यावीत, पेन्सिल कागदाला न टेकवता त्यांच्यामधून दोन-तीनदा फिरवावी, मग कोपरातून एका दमात ओढावी. तासाच्या सुरुवातीला वीस आडव्या, वीस उभ्या, वीस तिरप्या. पाच मिनिटांचं काम आहे. चुकलेली रेषा खोडायची नाही, शेजारी बरोबर रेषा काढायची. खोडली की कुठे चुकलं ते दिसतच नाही.

मोजणं ही मात्र निवांत शिकवायची गोष्ट आहे. हात पूर्ण ताठ, कोपर कुलूपबंद, एक डोळा मिटलेला. पेन्सिलीचं टोक वस्तूच्या वरच्या कडेवर आणायचं, अंगठा खालच्या कडेपर्यंत सरकवायचा. मग तेच माप आडवं धरून रुंदीशी ताडायचं. इथे तीन चुका होतात. कोपर वाकलं की माप बदलतं. पेन्सिलीचं टोक वस्तूच्या दिशेने पुढे कललं की माप चुकीचं येतं. ती उभ्या काचेला टेकवल्यासारखी धरायची. आणि दोन मापांच्या मध्ये बसण्याची जागा हलली की सगळंच वाया. चौथी चूक समजुतीची: पेन्सिलीवर आलेलं माप थेट कागदावर उतरवणं. आपल्याला हवं असतं ते प्रमाण. समजा कळशीच्या पोटाची रुंदी तिच्या उंचीच्या दहात नऊ भाग निघाली. कागदावर उंची २० सेंमी ठरवली, तर रुंदी १८ सेंमी. उंची आधी ठरवून वर-खाली खुणा कराव्यात, म्हणजे तळ कागदाबाहेर जाणार नाही. पोटाची रुंदी मोजून काढली की मुलांना धक्काच बसतो, कारण डोक्यातली कळशी नेहमी समोरच्या कळशीपेक्षा उंच असते.

आता तोंड आणि तळ. वर्तुळ डोळ्याच्या पातळीवर असेल तर ते सरळ रेषा दिसतं. पातळीच्या जितकं खाली किंवा वर जाईल तितकं उघडत जातं. आकडे घालून पाहू. कळशी २५ सेंमी उंच, तुम्ही दीड मीटर लांब बसलात, डोळा टेबलापासून ४० सेंमी वर. म्हणजे तोंड डोळ्याच्या १५ सेंमी खाली आणि तळ ४० सेंमी खाली. कागदावर तोंडाची रुंदी ६ सेंमी घेतली, तर लंबवर्तुळाची, म्हणजे त्या चपट्या दिसणाऱ्या वर्तुळाची, उभी जाडी जेमतेम ६ मिमी येते. तळही तेवढाच रुंद असेल तर त्याची जाडी १५-१६ मिमी, तोंडाच्या अडीच पटीहून थोडी जास्त. त्यातला पुढचा अर्धाच आपल्याला दिसतो, म्हणजे तळाची रेषा मध्यभागी सात-आठ मिलिमीटर खाली झुकायला हवी. मुलं नेमकं उलटं करतात. तोंड जास्त उघडतात, कारण कळशीत पाणी भरतात हे ठाऊक असतं. तळ सरळ करतात, कारण टेबल सपाट आहे हे ठाऊक असतं. ठाऊक असलेलं आणि दिसलेलं यांत डोळा हरतो.

काढताना आधी उभा अक्ष, मग त्याला काटकोनात लंबवर्तुळाचा लांब व्यास. टोकं होडीसारखी टोकदार होऊ द्यायची नाहीत. लंबवर्तुळाला कोपरा नसतो, कितीही चपटं असलं तरी टोकाशी वळण असतंच. तळाचं लंबवर्तुळ मागच्या न दिसणाऱ्या भागासकट पुसट पूर्ण काढावं, मग पुढची कड गडद करावी. तपासायला कागद उलटा धरायचा, नाहीतर फोनच्या कॅमेऱ्यात चित्र आरशासारखं फिरवून पाहायचं. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली आलेला तेव्हा लगेच कळतो.

आडव्या वस्तूला नियम तोच, फक्त अक्ष फिरतो. त्यासाठी घुमट, म्हणजे दोन तोंडांचं मातीचं तालवाद्य, उत्तम. २०१९मध्ये त्याला गोव्याचं वारसावाद्य जाहीर केलं. कितीतरी घरांत तो खुंटीला असतोच. तो आडवा ठेवला की दोन्ही तोंडांची लंबवर्तुळं घुमटाच्या लांबीच्या अक्षाला काटकोनात कलतात, टेबलाच्या कडेला समांतर नाही.

हेच मोठ्या आकारात पाहायचं तर मंगेशीच्या दीपस्तंभापुढे उभं राहावं. पायाशी, डोळ्याच्या पातळीखालच्या कडा मध्यभागी खाली झुकतात. पातळीवरची कड सरळ. त्यावरच्या प्रत्येक मजल्याची कड कमानीसारखी वर चढते, जितकी उंच तितकी जास्त. अंगणात बसून पंधरा मिनिटांत फक्त या कडाच काढाव्यात, कोनाडे नकोत.

यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) पाठात पणजीतल्या फोंताइन्याश वस्तीच्या गल्ल्या सगळ्यांच्या आवडत्या, आणि तिथे दोन खड्डे आहेत. पहिला: घराच्या दोन बाजूंच्या समांतर रेषा लांब जिथे मिळताना दिसतात ते दोन्ही लोपबिंदू कागदावरच घेतले जातात. त्यामुळे घराचा कोपरा जहाजाच्या नाकासारखा पुढे येतो. बिंदू कागदाबाहेर हवेत. बोर्ड मोठ्या टेबलावर ठेवून दोन बाजूंना टाचण्या टोचाव्यात आणि दोऱ्याने रेषा ताणून पाहाव्यात. दुसरा जास्त फसवा. ही वस्ती आल्तिन्यो टेकडीच्या पायथ्याशी आहे, त्यामुळे रस्ता चढतो. चढणाऱ्या रस्त्याच्या कडा डोळ्याच्या पातळीवर मिळत नाहीत, तिच्या वर मिळतात. खिडक्या, बाल्कन्या आणि पागोळ्या मात्र आडव्याच असतात, त्या पातळीवरच्या बिंदूकडे जातात. दोघांना एकाच बिंदूत ओढलं की एक तर रस्ता सपाट होतो, नाहीतर घरं कलंडतात.

कुणीतरी विचारतंच, व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांनी कुठे चित्रकलेचं शिक्षण घेतलं होतं? नव्हतं घेतलं. पण लहानपणापासून रोजच्या डायऱ्या चित्रांनी भरणं हाही सरावच की. आणि मडगावात जन्मलेल्या चित्रकार दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं पाहिली, की बाह्यरेषा पक्की असली तर रंग किती मोकळे होतात ते दिसतं.

मग शेडिंग. आधी २ सेंमीच्या पाच चौकटी: पहिली कोरी, पाचवी ४बीने जमेल तितकी काळी, मधल्या तीन समान अंतराच्या. तिसरी चौकट जवळपास सगळ्यांची फिकट येते. वस्तूकडे डोळे बारीक करून पाहायचं आणि दोनच गट करायचे, उजेडाचा आणि सावलीचा. सावलीचा सगळा भाग एकाच छटेने भरायचा, बारकावे नंतर. सावलीत टेबलावरून परतलेला उजेड दिसतो. तो उजेडाच्या गटातल्या सर्वांत गडद छटेहूनही गडदच राहायला हवा, नाहीतर वस्तू काचेची वाटते. बोटाने घासू नये. बोटाच्या तेलाने शिसं कागदात चिकटतं, डाग पडतात आणि तो भाग खोडताही येत नाही.

घुमट मातीचा, कळशी पितळेची. मातीवर छटा हळूहळू उतरते. पितळेवर पांढऱ्याशेजारी एकदम काळं येतं, कडा धारदार असतात आणि खिडकीचं प्रतिबिंब पोटाच्या वळणाबरोबर वाकतं. पितळ हळुवार शेड केलं की माती दिसते. दोन्ही शेजारी ठेवून एकाच कागदावर काढावीत.

पावसाळ्यात दोन अडचणी. ढगाळ उजेड चारही बाजूंनी येतो आणि सावली विरते. वर्गातल्या ट्यूबलाइट लावल्या तर एकाच कळशीला तीन पडछाया. वस्तूजवळच्या ट्यूब बंद करून एका बाजूने, वरून ४५ अंशांवर एकच टेबललॅम्प ठेवावा. दुसरी अडचण कागदाची. जून ते सप्टेंबर कागद दमट होऊन मऊ पडतो. पेन्सिल जोरात दाबली की त्यात चर उमटतो आणि रबराने पापुद्रे निघतात. कागद सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद प्लास्टिक पिशवीत ठेवावा, लागतील तेवढेच बाहेर काढावेत, आणि त्या दिवशी ४बीने हलक्या हाताने काम करावं. एचबीचं कडक टोक ओल्या कागदाला ओरखडतं.