आईच्या गोळ्यांची पिशवी

मंगळवार, रात्र

आज आईला डॉक्टरकाकांकडे नेलं. काम तसं दोन मिनिटांचं, झोपेच्या गोळीची चिठ्ठी घ्यायची, बास. पण काकांनी फोनवरच बजावलेलं की घरात असतील नसतील त्या सगळ्या गोळ्या पिशवीत भरून आण, चूर्णंबिर्णं पण.

पिशवी टेबलावर उपडी केली आणि काका एकेक पाकीट उचलून विचारत बसले, वहिनी ही कधीपासून, कोणी दिली, तेव्हा काय होत होतं? जे निघालं ते ऐकून मी चाटच पडले. बीपीची अ‍ॅम्लोडिपिन पाचाची दहा एमजी झाली, मग घोटे सुजले (या गोळीने काहींना सूज येते, डोस वाढला की जास्तच), सूज बघून दुसरीकडे लघवीची गोळी मिळाली, ती आई नेमाने रात्री जेवल्यावर घ्यायची, मग रात्रभर बाथरूमच्या फेऱ्या, झोपेचं खोबरं, म्हणून झोपेची गोळी, आणि त्या गुंगीत परवा उंबऱ्यात तोल गेला. आणि आम्ही परत तीच गोळी मागायला गेलेलो!

बरं बीपी मुळात का वाढलं? तर त्याच सुमारास गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेली डायक्लोफेनॅक रोज चालू होती. अशा पेनकिलरने बीपी वाढतं, किडनीवरही ताण येतो. प्रत्येकाने आपापल्या जागी बरोबरच औषध दिलं असेल, पण सगळी पाकिटं एका टेबलावर कोणी मांडलीच नव्हती.

मग काका औषधं सोडून भलतंच विचारायला लागले. रात्री जेवता काय? आई म्हणे, एकटीसाठी कुठे घाट घालू, भाकरी आणि लोणचं. म्हणजे मीठ. भजनाला जाता ना? नाही, तिथे बाथरूमची सोय नाही. हे मला कधी सांगितलं नव्हतं तिने, मला वाटायचं बाबा गेल्यापासून तिचं मनच लागत नाही. तेही असेलच, काकांनी तोही विषय काढला, आई थोडं रडली, बाहेर पेशंट ताटकळत होते तरी त्यांनी घाई केली नाही.

असं एकेका दुखण्याऐवजी अख्खा माणूस बघणं म्हणजे होलिस्टिक म्हणे. तो शब्द म्हटला की मला आपली स्पाची जाहिरात आठवते, पण हे चक्क हिशोब तपासण्यासारखं काम होतं.

पेनकिलर आजपासून बंद, दुखलंच तर पॅरासिटामॉल. अ‍ॅम्लोडिपिन परत पाच, लघवीची गोळी थांबवायची, पण आधी त्या डॉक्टरांशी काका स्वतः बोलले. झोपेची गोळी एकदम तोडायची नाही, हळूहळू कमी करायची. किडनी आणि क्षार बघायला रक्ताची तपासणी (क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम) उद्या सकाळी. बीपी बसून आणि उभं राहून, दोन्ही वेळा मोजून लिहायचं.

शुक्रवारी भजनाला सोडू का विचारलं तर म्हणाली, आधी सूज तर उतरू दे, चपला बसत नाहीयेत.