चांदीने माझा अंगठा खाल्ला

सरकारी योजनांचे अर्ज भरून देणाऱ्या सीएससी केंद्रातला पोरगा सहाव्यांदा म्हणाला, "ताई, तुमना अंगठाच नही लागी ऱ्हायना." रांगेत मागे कोणीतरी फिसकन हसलं. त्या यंत्रावरच कानस फिरवावी असं मला वाटलं.

चांदीकाम कसं शिकले ते पटकन सांगते. एटीडी (चित्रकला शिक्षकाची पदविका) झालं, शिरपुरात नोकरी मिळेना, म्हणून गल्लीतल्या सोनारकाकांकडे बसू लागले. पहिलं वर्ष जंतरातून, म्हणजे तार बारीक करायच्या भोकांच्या पट्टीतून, ओढताना तार तोडण्यातच गेलं. आता होळीच्या तोंडावरच्या भोंगऱ्या बाजाराआधी पावरा आदिवासी बायकांसाठी कडी, गळ्यातल्या हासळ्या घडवते आणि कॉलेजच्या पोरींसाठी त्याच घाटाची छोटी कानातली.

पीएम विश्वकर्मा या केंद्र सरकारच्या कारागिरांसाठीच्या योजनेतल्या 18 व्यवसायांत सोनारकाम आहे. अवजारांसाठी 15,000 रुपये, प्रशिक्षणाचे रोज 500 आणि 5 टक्क्यांनी पहिलं 1 लाखाचं कर्ज. म्हणून गेले. पण नोंदणी आधारच्या ठशावर, आणि माझे ठसे कानशीने, पॉलिश कागदाने घासून गुळगुळीत झालेले. म्हणजे कारागीर असल्याचा पुरावा बोटांवरच होता, नेमका तोच यंत्राला चालेना! दहाही बोटं लावून पाहिली. लिंबू चोळलं, साबण लावला, बोटं पदराला पुसली. दुसऱ्या दिवशी सर्व्हर बंद. तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, आधारमध्येच नवे ठसे द्या. आधार केंद्रात तोच घोळ. चार खेपा, चार दिवसांची मजुरी बुडाली.

काकांना सांगितलं तर ते खुशच झाले. "ठसा घिसाई गया म्हनजे हात बसना, बेटा!" म्हणजे ठसा झिजला की हात कामावर बसला.

शेवटी एकाने सांगितलं, डोळ्याचं यंत्र असलेलं केंद्र शोध. तिथे दोन मिनिटांत काम झालं. पहिल्याच दिवशी हे कोणी का बोललं नाही? त्यामुळे आधी फोन करून तेवढंच विचारा. आणि हो, मोबाइल आधारला जोडलेला हवा, हे मी वर लिहायला हवं होतं. ठसेच द्यायचे असतील तर आठवडाभर कानस बाजूला ठेवा, रात्री ग्लिसरीन लावा, कातडी थोडी भरून येते. घरातल्या एकालाच लाभ मिळतो, तेव्हा भावाने आधी अर्ज केलाय का तेही बघा.

नगरपालिकेची पडताळणी, पुढच्या समित्या, सगळं विनातक्रार पार पडलं. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी दारातच हजेरीचं यंत्र. अंगठ्याचं. मी मुकाट्याने पर्समधून ग्लिसरीनची बाटली काढली.