सतराचा पाना आणि चार आणे

आमच्या गॅलरीत, कपडे वाळत घालण्याच्या दोऱ्यांखाली, एक छोटे सीएनसी राउटर, म्हणजे संगणकाच्या हुकमाने लाकूड कोरणारे यंत्र आहे. त्यावर मी लाकडी नावाच्या पाट्या करतो. एका पाटीला साधारण तीनदा बिट, म्हणजे कोरणारे फिरते पाते, बदलावे लागते: आधी खोलगट भाग काढणारे सपाट बिट, मग अक्षरांची टोके, वेलांट्या आणि रफार नीट उमटवणारे ६० अंशांचे व्ही-बिट, आणि शेवटी पाटी कडेने कापून काढण्यासाठी पुन्हा सपाट. यंत्राबरोबर आलेले दोन पाने, बिट आवळणाऱ्या नटाला लागणारा सतरा मिलिमीटरचा आणि वरच्या, मोटारीच्या दांड्याच्या चपट्या कडांवर बसणारा तेराचा, कागदोपत्री या कामाला पुरेसे होते. प्रत्यक्षात तेराचा पाना इतका जाड होता की त्या अरुंद जागेत तो जेमतेम तिरका शिरे. दोन हातांनी दोन्हीकडे जोर लावला की नट एकदम सुटे आणि बोटांची पेरे मोटारीच्या कंसावर सोलून निघत.

सोललेल्या बोटांची ही परंपरा जुनी आहे, याचे मला थोडे समाधान वाटते. ड्रिलला दातेरी चावीने आवळायचा जो चक, म्हणजे बिट धरणारा जबडा, आपण सर्वत्र पाहतो, त्याचे पेटंट आर्थर जेकब्स या अमेरिकन माणसाने १९०२ साली घेतले. पान्याने आवळायच्या जुन्या चकाने त्याची बोटे ठेचली आणि तिथून ती कल्पना सुचली, असे सांगतात. माझ्या बोटांतून एवढे मोठे काही निघाले नाही. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली, ती अशी की बिट बदलण्याच्या धास्तीने मी ते बदलणेच टाळू लागलो होतो. धार गेलेल्या बिटानेच आणखी एक पाटी रेटायची, अक्षरांचे कोपरे गोल निघाले तरी ‘लांबून दिसत नाही’ असे स्वतःला समजवायचे, असे प्रकार सुरू झाले होते.

म्हणून रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून ३ मिलिमीटर जाडीची लोखंडी पट्टी आणली आणि तेराचा पाना घरीच करायचे ठरवले. ओळीने भोके पाडून मधला भाग करवतीने काढला आणि उरलेले कानशीवर सोपवले. कानस हे फार सभ्य हत्यार आहे, पण तिला थांब म्हणावे लागते आणि ते मला वेळेवर जमले नाही. पहिल्या पान्याचे तोंड १३.६ झाले. घासून काढलेले लोखंड परत चिकटवता येत नाही, त्यामुळे तो पाना आता कुंडीतली माती उकरायला आहे. दुसऱ्या वेळी तेराच्या ड्रिलचा दांडाच मापाला घेतला. दर चार हात घासले की तो घालून पाहायचा, असे करत करत तोंड एकदाचे नेमके बसले.

पान्याच्या जाडीपेक्षा त्याच्या लांबीचा उपयोग मात्र मला नंतर कळला. सतराच्या पान्याइतकीच त्याची मूठ ठेवली आणि दोन्ही मुठी आपल्याकडे करून, मध्ये थोडा कोन सोडून बसवल्या, तर एकाच हाताच्या मुठीत धरून त्या सांडशीसारख्या दाबता येतात. आवळताना नटाचा पाना डावीकडे, सैल करताना उजवीकडे. सगळा जोर त्या दोन मुठींमध्येच जिरतो, यंत्राचा सांगाडा हलत नाही, आणि दुसरा हात निसटणारे बिट झेलायला मोकळा राहतो. हे झेलणे महत्त्वाचे आहे, कारण बिटाचे कार्बाइड जितके कठीण तितकेच ठिसूळ. फरशीवर एकदा पडले तर त्याच्या धारेचा टवका उडालाच म्हणून समजावे.

नटाचेही एक गुपित आहे, ते सांगून टाकतो. ईआर कोलेट, म्हणजे नटाच्या आत बसून बिटाला आवळून धरणारी चिरा पाडलेली नळी, आधी नटात तिरके धरून टचकन बसवायचे आणि मगच नट दांड्यावर चढवायचा. नटाच्या आतली कडा कोलेटच्या खाचेत अडकलेली असली, तरच सैल करताना ती त्याला ओढून बाहेर काढते. म्हणून नट एकदा सुटल्यावर काही आट्यांनी पुन्हा घट्ट लागतो. मी सुरुवातीला तो अडकला समजून त्यावर तेल ओतत बसलो होतो.

पान्यामागोमाग इतर बारकी कामे आलीच. बिटे उभी ठेवायला सागवानाच्या तुकड्यात भोके पाडली. दर वेळी नव्या बिटाची उंची कागद सरकवून ठरवावी लागे, त्याऐवजी तांब्याचा थर असलेल्या सर्किट बोर्डाचा एक तुकडा घेऊन त्याला वायर जोडली; दुसऱ्या वायरीचा चिमटा बिटाला लावला की बिट खाली येऊन तांब्याला टेकताच सर्किट पूर्ण होते आणि यंत्र थांबते. बोर्डाची जाडी नावाला १.६, व्हर्नियरने १.५५, आणि उंची ठरवताना तीच वजा करायची. एकदा चिमटा लावायला विसरलो आणि बिट बोर्ड फोडून खालच्या लाकडात गेले. तेव्हापासून मोटार सुरू करण्याआधी आणि खाली आणण्याआधी मी चिमट्याकडे देवाच्या तसबिरीकडे पाहावे तसे पाहतो.

या सगळ्याला दोन रविवार मिळून नऊ तास गेले. दर बदलामागे चाळीस सेकंद वाचतात असे धरले, तर ८१० वेळा बिट बदलल्यावर हिशेब फिटेल. महिन्याला दोन पाट्या या माझ्या वेगाने त्याला सव्वाअकरा वर्षे लागतील. हा हिशेब मी जेवताना आईला सांगितला, तेव्हा ती म्हणाली, “तेवढ्या वेळात अजून चार पाट्या झाल्या असत्या की रे.”

पण तिला तरी हे बोलायचा काय अधिकार? तिच्या शिलाई मशीनच्या खणात, बॉबिनांच्या डबीशेजारी, चार आण्याचे एक नाणे वर्षानुवर्षे आहे. सुई बदलताना स्क्रू सैल करायला मशीनबरोबर आलेला चिमुकला स्क्रूड्रायव्हर तिला कधीच सापडत नसे, म्हणून तिने नाण्याची कड दगडावर घासून त्या खाचेपुरती पातळ केली. २०११ साली चार आणे चलनातून गेले, घरातली सगळी नाणी कुठे कुठे गेली, पण हे एक तिने कोणालाही नेऊ दिले नाही. परवा तिने सुई बदलली तेव्हा मी मुद्दाम घड्याळ लावून पाहिले. तिला माझ्यापेक्षा कमी वेळ लागला.