डोळ्यांत राहिलेले काजळ

आमची शाळा मुलांची असल्यामुळे स्नेहसंमेलनाच्या नाटकात स्त्रीपार्ट कोणी करायचा हा प्रश्न दरवर्षी पडे आणि दरवर्षी तो माझ्यापाशी येऊन सुटे. नऊवारी नेसवायला आमचे इतिहासाचे सर स्वतः बसत आणि निऱ्या घालता घालता बालगंधर्वांविषयी सांगत. नारायण श्रीपाद राजहंस हे १९११ साली ‘मानापमाना’त भामिनी म्हणून उभे राहिले, आणि त्यांच्या नेसण्याचे अनुकरण घरंदाज बायका करू लागल्या. ‘अरे, बाई करून दाखवू नकोस, नुसता पदर सांभाळ,’ हे सरांचे एवढेच दिग्दर्शन. शिट्ट्या पडत, पण मला त्या टोचत नसत. टोचे ते उरलेले वर्ष, जेव्हा तीच चाल चेष्टेचा विषय होई.

पुढे आमच्यासारख्यांच्या मंडळाचे वार्षिक संमेलन मिळाले आणि तिथे मी ड्रॅग, म्हणजे पुरुषाने बाईचा भडक वेश घेऊन मंचावर उघडउघड केलेले सोंग, पाहिले. भुवया गोंदाने चापून बसवायच्या, दाढीची निळसर छटा नारिंगी रंगाने मारायची, फोम कापून नितंब घडवायचे आणि मग गाण्यावर नुसते ओठ हलवायचे, हे सारे मला मंडळात ड्रॅग करणाऱ्या अक्कांनी शिकवले. स्त्रीपार्ट पाहताना प्रेक्षकांनी आतला पुरुष विसरावा अशी अपेक्षा असते. ड्रॅगमध्ये मात्र ही सोंगाची गंमत त्यांनी डोळे उघडे ठेवून लुटायची असते. अक्का विगसुद्धा मुद्दाम वाकडा ठेवत. माझे बायकीपण मात्र सोंग नव्हते, आणि ते समजावून सांगण्याची गरज न पडणारी ती वर्षातली एकमेव संध्याकाळ होती.

११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारे कलम ३७७ पुन्हा लागू केले, त्यानंतरच्या संमेलनाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या. तरीही अक्कांनी रिकाम्या खुर्च्यांनाही मान लववून मुजरा केला, तेवढ्यानेच आम्ही हसलो. ६ सप्टेंबर २०१८ च्या निकालाने हे संबंध गुन्हा उरले नाहीत; त्यानंतरच्या संमेलनात, कधीही छायाचित्र काढू न देणाऱ्या त्याच अक्का नथ सावरत कॅमेऱ्यासमोर पाऊण तास बसल्या, आणि छायाचित्रकाराला उजेडाबद्दल सूचनाही देत राहिल्या.

कार्यक्रम संपला की सगळे खोबरेल तेलाने रंग उतरवत. मी रंग पुसत असे, काजळ मात्र ठेवत असे. दुसऱ्या दिवशी कचेरीत कोणीतरी हमखास विचारी, ‘काय हो, डोळे आलेत का?’ आणि मी ‘हो’ म्हणे.