दुकान गावात, भाव शहराचा

आपल्या शाळेतून शिकून डॉक्टर, इंजिनिअर, मास्तर झालेले पुष्कळ आहेत. बहुतेकांनी मुंबई-पुण्याला घरं केली. दुकानदारी करून देवगड तालुक्यातच राहिलेले थोडे, त्यांतला मी एक. सुवर्णमहोत्सवी अंकात शाळेच्या आठवणी लिहायच्या, पण माझ्या बाबतीत शाळा आणि दुकान वेगळं काढताच येत नाही. धंद्याची मुळाक्षरं मी जिन्याखालच्या एका लोखंडी कपाटासमोर गिरवली.

त्या कपाटाला सगळे ‘भांडार’ म्हणायचे. वह्या, पेन्सिली, खोडरबर, शाईच्या बाटल्या, कर्कटक. गणिताच्या सरांनी ते सुरू केलं होतं आणि नववीच्या मुलांनी ते आळीपाळीने चालवायचं. मधल्या सुट्टीत विक्री, शाळा सुटल्यावर रोजमेळ. दहा पैशांचा फरक आला तरी सर कुणाला घरी सोडत नसत. रागावत मात्र नसत. शेजारी बाकावर बसून स्वतः पुन्हा बेरीज करत, आणि फरक सापडला की आमच्याइतकेच खूश होत.

माल कोल्हापूरहून घाऊक भावाने यायचा, आणि वही बाजारापेक्षा स्वस्त द्यायची हा सरांचा दंडक. एकदा आमच्यातल्या एकाने विचारलं, “सर, बाजारभावाने विकली तर शाळेला जास्त पैसे सुटतील ना?” सरांनी खडू उचलला. वही ८० पैशांना पडते. सव्वा रुपयाने १० खपल्या तर नफा साडेचार रुपये. रुपयाने २५ खपल्या तर पाच रुपये. “आणि वर २५ पोरांकडे वही आली,” एवढंच म्हणाले आणि पुढचं उदाहरण घातलं.

पुढे दादरला एका दुकानात नोकरीला असताना सॅम वॉल्टनविषयी वाचलं आणि फळ्यावरचं तेच गणित पुन्हा भेटलं. वॉल्टन म्हणजे वॉलमार्ट या अमेरिकी दुकानसाखळीचे संस्थापक. जन्म १९१८ चा, बालपण अमेरिकेतल्या महामंदीत गेलेलं. घरच्या गाईचं दूध घरोघर पोचवून आणि वर्तमानपत्रं टाकून त्यांनी घराला हातभार लावला. १९४५ मध्ये, युद्ध संपल्यावर, आर्कन्सॉ राज्यातल्या न्यूपोर्ट गावी त्यांनी पहिलं दुकान घेतलं. २५ हजार डॉलरपैकी ५ हजार स्वतःची पुंजी, बाकी सासऱ्यांकडून उसने. तिथे बायकांचे आतले कपडे ज्या कंपनीकडून घ्यायचे तिचा भाव डझनाला अडीच डॉलर. त्यांनी न्यूयॉर्कचा एक माणूस शोधून काढला, जो दोन डॉलरला डझन द्यायचा. वाचलेला अर्धा डॉलर त्यांनी खिशात घातला नाही. डॉलरला तीन विकायचे ते डॉलरला चार विकले. दर नगामागे कमी सुटलं, पण खप इतका वाढला की एकूण नफा पूर्वीपेक्षा जास्त झाला. उरलेली सगळी हयात त्यांनी याच हिशेबावर काढली.

त्याआधी पेनी नावाच्या मोठ्या दुकानदाराकडे ते उमेदवारी करत होते. खुद्द पेनी एकदा दुकानात आले आणि कमीत कमी कागदात, कमीत कमी सुतळीत गिऱ्हाइकाचं पुडकं नेटकं कसं बांधायचं ते त्यांनी त्या पोराला हाताने करून दाखवलं. ही गोष्ट मला फार आवडते, कारण मी स्वतः पुड्या बांधून वाढलो. रद्दीचा चौकोन हातात घ्यायचा, त्याचा कोन करायचा, अर्धा किलो साखर ओतायची, तोंड दुमडून वरच्या रिळातून दोरा खाली खेचायचा, दोन आडवे वेढे, एक उभा, आणि बोटाला झटका देऊन तोडायचा. वीतभर दोरा जास्त गेला की शेठची नजर वर यायची. आता सगळं पाकिटात येतं, तरी माझ्या दुकानात नवीन आलेल्या मुलाला मी पुडी बांधायला शिकवतो. हात बसला की नजर बसते.

पण मला वॉल्टन खरे पटले ते दुसऱ्याच कारणाने. त्या काळचे मोठे दुकानदार लहान गावांकडे फिरकत नव्हते. एवढ्याशा वस्तीत काय खपणार, असा हिशेब. वॉल्टन १९५० मध्ये बेंटनव्हिलला गेले तेव्हा तिथली वस्ती सुमारे तीन हजार. पहिलं वॉलमार्ट १९६२ मध्ये उघडलं तेही रॉजर्ससारख्या छोट्या गावात. गावच्या माणसाला शहराच्या भावात माल द्यायचा, ही त्यांची पैज होती. १९९० मध्ये वॉलमार्ट अमेरिकेतली सर्वांत मोठी किरकोळ विक्री करणारी कंपनी झाली.

आमच्याकडे गणपतीला एसटीतून उतरणाऱ्या चाकरमान्यांच्या पिशव्या आठवून पाहा. साबणाच्या वड्या, चहापावडर, तेलाचा डबा, डाळी, पोरांचे कपडे. विचारलं तर एकच उत्तर, “हयसर मेळणा नाय, आणि मुंबैक स्वस्त गावता.” वर्षानुवर्षं ऐकलेलं हे वाक्य मला बोचत होतं. ज्यांचं घर मनीऑर्डरवर चालतं त्यांनाच गावात माल महाग, हे कुठलं गणित? १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली, त्यानंतर मी दादर सोडून गावी आलो आणि दुकान टाकलं. फोंडा घाटातून कोल्हापूरला जायचं, लक्ष्मीपुरीत दहा पेढ्या फिरून भाव काढायचा, आसपासच्या वाड्यांतल्या दुकानदारांनी मिळून एक टेम्पो करायचा आणि भाडं वाटून घ्यायचं. भाडं धरूनही दादरच्या भावाला माल देता येतो हे पहिल्याच गणपतीत दिसलं. त्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी मुंबईहून आलेल्या एका मावशींनी आमच्याकडून पाच किलो तुरीची डाळ नेली. परतताना चेंबूरला न्यायला!

एका बाबतीत मात्र वॉल्टनचं मी घेतलं नाही. त्यांचा व्यवहार रोखीचा. आपल्या किनाऱ्यावर ते चालत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, आंब्याचे पैसे शाळेच्या प्रवेशात आणि कौलं शाकारण्यात गेलेले. त्या दोन महिन्यांत उधारीची वही लिहिली नाही तर चूल कशी पेटायची? नारळी पौर्णिमेनंतर बोटी लागल्या की माणसं आपणहून येऊन बाकी चुकती करतात. बुडते ती फार थोडी, आणि बुडवणारे बहुधा पगारदार असतात, दर्यावर जाणारे नव्हेत. उधारी म्हणजे धंद्याची कीड, असं शहरातली व्याख्यानं सांगतात. त्यांनी एक पावसाळा इथे काढावा.

दुसरी गोष्टही सांगायलाच हवी. वॉलमार्ट ज्या गावांत गेलं तिथली कितीतरी लहान दुकानं बंद पडली. २०१८ मध्ये याच कंपनीने फ्लिपकार्टमधला मोठा हिस्सा विकत घेतला आणि आज त्यांची खोकी आमच्या वाडीपर्यंत येतात. म्हणजे ज्यांच्याकडून शिकलो त्यांचीच कंपनी समोर उभी आहे. मला त्याची भीती वाटते, ती लपवत नाही. पण वॉल्टन स्वतः प्रतिस्पर्ध्यांच्या दुकानांत वही घेऊन फिरायचे आणि चांगलं दिसेल ते उचलायचे. मीही तेच करतो.

वॉल्टनच्या चरित्रातली सर्वांत उपयोगाची गोष्ट मात्र यशाची नाही. न्यूपोर्टच्या दुकानाची विक्री त्यांनी पाच वर्षांत ७२ हजार डॉलरवरून अडीच लाखांवर नेली. आणि मग जागामालकाने भाडेकरार पुढे वाढवायला नकार दिला. त्याला ते चालतं दुकान आपल्या मुलासाठी हवं होतं. करारात मुदतवाढीचं कलमच नव्हतं. बायको आणि चार मुलांना घेऊन वॉल्टनना ते गाव सोडावं लागलं. बेंटनव्हिलला नव्या दुकानाशेजारचा न्हाव्याचा गाळा घेताना त्यांनी ९९ वर्षांचा करार करून घेतला.

आपल्याकडे गाळे अकरा महिन्यांच्या करारावर दिले जातात आणि घेणारा खाली सही करून मोकळा होतो. तालुक्यात कोणी नवीन दुकान टाकतोय असं कळलं की मी स्वतः जाऊन त्याचा कागद वाचतो. आपल्याच शाळेची एक विद्यार्थिनी दहावीनंतर माझ्याकडे गल्ला सांभाळत होती. विजयदुर्गच्या रस्त्याला ती आता स्टेशनरीचं दुकान काढते आहे. गेल्या महिन्यात तिचा करार झाला. मी बरोबर गेलो होतो, पण बोलावं लागलं नाही. मुदतवाढीचं कलम तिने आधीच घालून घेतलं होतं, आणि भाडेवाढ किती टक्के तेही आकड्यात लिहून घेतलं होतं.