झिजलेली पावले

आई गेल्यानंतर दोन वर्षे मी तिच्या साड्यांचे कपाट उघडले नाही. आमच्यातले एक भांडण मिटायचे राहून गेले होते. ‘आता सोडून दे’, असे सगळे मायेनेच सांगत. पण सोडायचे म्हणजे काय करायचे, ते मला उमगत नसे. त्याच काळात लुईज बुर्ज्वा या शिल्पकर्तीविषयी वाचू लागले.

बुर्ज्वा यांचा जन्म 1911 मध्ये पॅरिसचा. टॅपेस्ट्री, म्हणजे भिंतीवर टांगण्याची जुनी विणलेली चित्रे, दुरुस्त करण्याचा त्यांच्या घरचा व्यवसाय होता. अशा चित्रांचा खालचा भाग बहुधा झिजलेला असे, आणि त्यातील माणसांची नाहीशी झालेली पावले लहानगी लुईज रेखाटून देई. वडिलांचे संबंध घरातच राहणाऱ्या इंग्रज शिक्षिकेशी होते, आई ते निमूटपणे सोसत होती, आणि हे सारे पाहणाऱ्या मुलीचा संताप आयुष्यभर विझला नाही.

1951 मध्ये वडील वारले तेव्हा त्या नैराश्याने खचल्या. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कमध्ये हेन्री लोवेनफेल्ड या डॉक्टरांकडे त्यांचे मनोविश्लेषण, म्हणजे बोलत बोलत मन उलगडण्याचा उपचार, सुरू झाले आणि कमीअधिक खंडांसह ते 1985 मध्ये लोवेनफेल्ड यांच्या मृत्यूपर्यंत चालले. तीन दशकांहून अधिक काळ! दहा-बारा बैठकांत मन मोकळे व्हावे अशी अपेक्षा धरणाऱ्या मला या आकड्याने खूप धीर दिला. स्वप्ने, भीती, अपराधभाव असे सारे त्या सुट्या कागदांवर लिहीत राहिल्या, आणि हातांनी शिल्पे घडवत राहिल्या. 1974 च्या एका शिल्पात तर जेवणाच्या टेबलावर बढाया मारणाऱ्या बापाला मुले फाडून खातात, अशी कल्पना आहे. आईसाठी मात्र त्यांनी कोळीण घडवली, कारण तीही चिकाटीने विणणारी आणि उसवलेले सांधणारी होती.

उतारवयात त्यांनी अनेक वर्षे जपून ठेवलेले कपडे बाहेर काढले आणि त्यांतून शिल्पे शिवली. मला त्यांच्या साऱ्या कामात हेच सर्वांत जवळचे वाटते, कारण त्यांनी ते कपडे टाकलेही नाहीत आणि पुन्हा कपाटात कोंडलेही नाहीत.

गेल्या महिन्यात मी कपाट उघडले आणि गोधडी शिवायला घेतली. भांडणाच्या दिवशी आईने नेसलेली करडी साडी मधल्या थरात घालून झाकता आली असती. मी ती वरच्या बाजूला घेतली आहे, आणि धावदोरा अजून अर्ध्यावरच आला आहे.