वर्गणीचा गुडघा

कोल्हापुरात एखाद्या फुटबॉलपटूचा गुडघा दुखावला की ती बातमी एमआरआयचा अहवाल येण्याआधीच पेठेत पोहोचलेली असते. इथला फुटबॉल तालमींच्या आणि मंडळांच्या आधाराने वाढला. पाटाकडील, दिलबहार, बालगोपाल, खंडोबा ही नावे घेतली की कुठल्या पेठेबद्दल बोलणे चालले आहे, हे कोल्हापूरकराला वेगळे सांगावे लागत नाही. अलीकडे बाहेरगावचे, अगदी आफ्रिकेतलेही खेळाडू या संघांतून खेळतात. तरीही संघाचा कणा असतो तो त्याच गल्लीत लहानाचा मोठा झालेला मुलगा. शाहू स्टेडियमवर त्याच्या नावाने ओरडणारे लोक त्याला रांगायचा तेव्हापासून ओळखत असतात आणि सामना संपल्यावर तो ज्या रस्त्याने घरी जातो, त्याच रस्त्यावर ते राहतात. खेळाडूने मैदानाबाहेर चाहत्यांना वेळ द्यावा की नाही, हा प्रश्न युरोपात उंच कुंपणाच्या अलीकडचा आणि पलीकडचा असेल. आमच्याकडे असे कुंपणच नाही.

मी राजारामपुरीत फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. माझ्याकडे येणाऱ्यांत कुस्तीगीर असतात, पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुली असतात आणि हंगामात फुटबॉलपटू असतात. ज्याच्याविषयी लिहिते आहे त्याची संमती मी घेतली आहे. मात्र त्याची पेठ, संघ आणि मैदानावरची जागा मुद्दाम सांगत नाही.

गेल्या उन्हाळ्यात, हंगामाच्या अखेरीस, एका सामन्यात वेगाने वळताना त्याच्या उजव्या गुडघ्याचा एसीएल, म्हणजे मांडीचे आणि नडगीचे हाड आतून बांधून ठेवणारा लिगामेंट (अस्थिबंध), तुटला. खेळाडूंच्या बोलण्यात ‘एसीएल गेला’ हे दोन शब्द किती जड असतात, हे त्यांच्यात वावरणाऱ्यालाच कळते. तो शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीने काम करतो. मंडळाकडून मिळणारे मानधन हे त्याचे पोट भरण्याचे साधन नाही. शस्त्रक्रियेचा खर्च त्याच्या घराला पेलणारा नव्हता, तेव्हा पेठेने वर्गणी काढली. भाजीवाल्यांनी दिली, रिक्षावाल्यांनी दिली, निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांनी दिली. मांडीच्या मागच्या स्नायूचा कंडरा काढून त्याचा नवा लिगामेंट बसवला गेला आणि काही दिवसांनी तो कुबड्या घेऊन माझ्याकडे आला.

या शस्त्रक्रियेनंतरचे काम किती संथ असते याची लोकांना कल्पना नसते. आधी सूज उतरवायची, गुडघा पूर्ण सरळ करायचा, मग हळूहळू वाकवायचा, विझल्यासारखा झालेला मांडीचा पुढचा स्नायू पुन्हा जागा करायचा. सर्वांत धोक्याचा काळ असतो तो रुग्णाला बरे वाटू लागते तेव्हाचा, कारण चालताना दुखत नसते, पण आत बसवलेला कंडरा अजून लिगामेंटच्या ताकदीचा झालेला नसतो. नॉर्वेमध्ये झालेल्या एका अभ्यासात असे दिसले की नऊ महिने पूर्ण होईपर्यंत मैदानावर परतणे जितके महिने लांबवावे, तितका प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचा धोका जवळपास निम्मा होत जातो. मी हे प्रत्येक खेळाडूला सांगते. यालाही सांगितले होते आणि त्याने ते मनापासून स्वीकारले होते.

डिसेंबरात हंगाम सुरू झाला आणि त्याला विचारणा सुरू झाली.

दवाखान्यात त्याचा पेठेतल्या लोकांशी खटका उडाला तो दिवस कोलकात्यातल्या गोंधळानंतरचा होता. १३ डिसेंबर २०२५ रोजी सॉल्ट लेक स्टेडियमवर मेस्सी आला, जेमतेम वीसेक मिनिटे मैदानावर राहिला, तेवढा वेळही नेते आणि मान्यवरांच्या गराड्यात गेला, आणि हजारो रुपयांची तिकिटे काढून आलेल्या लोकांना तो धड दिसलाही नाही. लोकांनी खुर्च्या आणि बाटल्या मैदानावर फेकल्या, मुख्य आयोजकाला अटक झाली, मुख्यमंत्र्यांनी माफी मागितली. विश्वचषकाच्या काळात ज्या शहराच्या पेठापेठांत ब्राझील आणि अर्जेंटिनाचे ध्वज लागतात, तिथे या घटनेची चर्चा दवाखान्याच्या बाकांवरही होणार हे ठरलेलेच होते. त्या संध्याकाळी बाहेर एक वयस्कर गृहस्थ बसले होते. आखडलेल्या खांद्यासाठी ते माझ्याकडे येत, आणि आमच्या या खेळाडूच्याच पेठेतले होते. शेजारी त्यांच्या ओळखीची तीन-चार तरुण मुले होती. ती उपचारासाठी आली नव्हती. आपला खेळाडू आत आहे हे कळल्यावर ती त्याला भेटायला थांबली होती.

आत त्याची चाचणी चालू होती. एका पायावर उडी मारून त्याच पायावर स्थिर उतरायचे, अंतर मोजायचे आणि दुखऱ्या पायाची उडी चांगल्या पायाच्या किती टक्के आहे ते पाहायचे. मैदानावर परतण्यासाठी किमान ९० टक्के लागतात. त्याचे ७५ च्या आसपास आले. शस्त्रक्रियेला साडेसहा महिने झालेल्या माणसासाठी हा निकाल वाईट नव्हता, हे मी त्याला समजावून सांगितले. पण मला आकडा दिसत होता आणि त्याला जानेवारीतली स्पर्धा दिसत होती. तो काही न बोलता बूट घालून बाहेर गेला.

बाहेरच्या मुलांनी त्याला घेरले. एकाने मोबाइल वर धरला आणि म्हणाला, “भावा, एक उडी मारून दाखव की, स्टेटसला टाकतो.” दुसऱ्याने जानेवारीत उतरणार का, असे विचारले. ते वयस्कर गृहस्थ उठून पुढे आले आणि काही न विचारता वाकून त्याच्या गुडघ्याकडे हात नेऊ लागले. तो झटक्यात मागे सरकला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, “माझा गुडघा हाय ह्यो. वर्गणी दिली म्हणून तुमचा न्हाई झाला.”

मी दारातच होते. त्या मुलांतला एक जण तावातावाने म्हणाला, “मेस्सी परवडला, निदान त्यानं आमच्याकडनं आपरेशनला पैसं घेतलं नव्हतं.” आता प्रकरण हाताबाहेर जाणार हे दिसले, तेव्हा मी मुलांना स्पष्ट शब्दांत बाहेर जायला सांगितले आणि त्याला परत आत बोलावले. दवाखान्यात रुग्णाचे चित्रीकरण करायला मी कोणालाही परवानगी देत नाही, मग तो रुग्ण कितीही लोकांचा लाडका असो.

आत आल्यावर तो बराच वेळ बोलला. पहाटेच्या पाळीला जाताना चहाच्या गाडीवर एक जण विचारतो, कारखान्यात मुकादम विचारतो, देवळात विचारतात, रात्री अकरानंतर फोन येतात. प्रश्न एकच असतो आणि प्रत्येक जण तो प्रेमाने विचारतो, म्हणून कोणावर चिडताही येत नाही. “मॅडम, खरं सांगितलं तर म्हणत्यात घाबरलाय. खोटं सांगितलं तर म्हणत्यात मग उतर.” हे वाक्य ऐकल्यावर मला त्याच्या स्नायूंपेक्षा त्याच्या मनाची जास्त काळजी वाटली. पुन्हा पाय मोडेल ही भीती आणि लोक काय म्हणतील ही भीती एकाच शरीरात एकत्र आली की खेळाडू उडी मारताना नकळत दुखरा पाय राखतो, आणि मग तोल बिघडून दुसऱ्याच गुडघ्याला इजा होते. मानसिक तयारी हा आमच्या चाचण्यांचा स्वतंत्र भाग असतो, तो याचसाठी.

त्याच्या वेळेवर त्याचाच हक्क आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. इंग्लंडच्या प्रीमियर लीगच्या खेळाडूंच्या करारात लोकांत मिसळण्याच्या आणि प्रसिद्धीच्या कार्यक्रमांसाठी आठवड्याला जास्तीत जास्त सहा तास लिहिलेले असतात. तिथे खेळाडूला गडगंज पगार आहे, क्लबची माणसे कार्यक्रम ठरवतात, रखवालदार सोबत असतात, आणि तरीही वेळेला मर्यादा आहे. आमचा मुलगा आठ तास यंत्रापुढे उभा राहून येतो आणि त्याच्याकडून आम्ही दिवसाचे सगळे तास गृहीत धरतो. ज्याने वर्गणी दिली त्याने एका माणसाच्या अडचणीला मदत केली. त्याचा गुडघा, त्याची झोप आणि रात्री अकरानंतरचा त्याचा फोन त्यात विकत मिळालेला नाही.

पण सौजन्याचा प्रश्न वेगळा आहे, आणि इथे मी त्याची बाजू घेऊ शकत नाही. एप्रिल २०२२ मध्ये मँचेस्टर युनायटेडचा संघ एव्हर्टनकडून हरल्यावर त्या संघातल्या रोनाल्डोने मैदानाबाहेर जाताना चौदा वर्षांच्या मुलाच्या हातावर फटका मारून त्याचा मोबाइल खाली पाडला. पुढे त्याने जाहीर माफी मागितली आणि त्या मुलाला सामना पाहायला बोलावले. मुलाच्या आईने ते निमंत्रण नाकारले. इंग्लंडच्या फुटबॉल संघटनेने रोनाल्डोला दोन सामन्यांची बंदी आणि ५० हजार पौंडांचा दंड केला. पराभवाचा संताप खरा होता, पण तो त्या मुलाने आणलेला नव्हता. आमच्याकडेही तो कमी आलेला आकडा त्या वयस्कर गृहस्थांनी आणला नव्हता. दमलेल्या माणसाला ‘आज नको’ असे म्हणण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र ‘आज नको’ म्हणायला जेवढा श्वास लागतो तेवढाच समोरच्याला अपमानित करायलाही लागतो, म्हणून थकवा ही त्यासाठी पुरेशी सबब ठरत नाही. हे मी त्याला तिथेच सांगितले. त्याला ते आवडले नाही.

तो मागच्या दाराने गेल्यावर मी त्या गृहस्थांचा खांदा पाहायला घेतला. त्यांच्या हाताचा कोन मोजत असताना ते आपणहून बोलले. तरुणपणी ते स्वतः त्याच संघातून खेळले होते. त्यांचा गुडघा असाच गेला होता, त्या काळी शस्त्रक्रिया परवडण्यासारखी नव्हती, आणि तो आजतागायत पूर्ण सरळ होत नाही. “मला फोटू नको हुता, मॅडम. त्येचा पाय सरळ हुतोय का, येवढंच बगायचं हुतं.” रुग्णाची माहिती दुसऱ्याला देणे माझ्या व्यवसायात बसत नाही, त्यामुळे ज्या एका वाक्याने त्यांना समाधान वाटले असते ते मी बोलू शकले नाही. एवढेच म्हणाले की तुमची विचारपूस मी त्याच्यापर्यंत पोहोचवते. दुसऱ्याच्या शरीराला न विचारता हात लावू नये, मग तो आपल्या पेठेचा मुलगा का असेना, हेही मी त्यांना नम्रपणे सांगितले आणि त्यांनी ते मान्य केले.

या सगळ्यात मला खरी जबाबदारी दिसते ती मंडळाच्या पदाधिकाऱ्यांची. वर्गणी गोळा करताना जे घरोघर गेले, त्यांनी नंतर एकदाही त्या घरांना सांगितले नाही की हे नऊ महिन्यांचे काम आहे. माहिती मिळाली नाही म्हणून लोक खेळाडूला गाठत राहिले. २०१८ च्या जूनमध्ये भारताचा तेव्हाचा कर्णधार सुनील छेत्री याने चाहत्यांना आवाहन केले होते की आमच्यावर टीका करा, हवे तर शिव्या द्या, पण स्टेडियममध्ये येऊन द्या. आणि पुढच्या, केनियाविरुद्धच्या सामन्याला मुंबईचे मैदान भरले. तो खेळाडू स्वतःहून, थेट लोकांशी बोलला होता. सरळ बोलल्यावर लोक समजून घेतात, असा माझाही अनुभव आहे. आपले कोल्हापूर तर या बाबतीत फार मोठ्या मनाचे आहे. २०१७ च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात इथलाच अनिकेत जाधव भारताकडून खेळला तेव्हा त्या संघाने तिन्ही सामने गमावले, पण इथे त्या मुलाच्या अभिमानात तसूभर फरक पडला नाही.

खेळाडूची परवानगी घेऊन मी मंडळाच्या पदाधिकाऱ्यांना दवाखान्यात बोलावले आणि वेळापत्रक समजावून सांगितले. त्यातून असे ठरले की दर रविवारी संध्याकाळी तासभर तो तालमीत बसेल, ज्याला भेटायचे त्याने तिथे भेटावे, आणि दवाखान्यात, कारखान्यात किंवा रात्री फोनवर कोणी विचारू नये. माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना हा एक तासही अन्याय वाटतो. पगारदार नसलेल्या खेळाडूवर असे बंधन घालणारे आपण कोण, असे ते म्हणतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. तरीही मला तो तास योग्य वाटतो, कारण तो त्याने स्वतः निवडला आहे, आणि त्याची वेळ ठरलेली असल्यामुळे आठवड्यातला बाकीचा वेळ त्याचा त्याला मिळाला आहे.

पहिल्या रविवारी त्याने सर्वांसमोर सांगितले की फेब्रुवारीच्या अखेरच्या चाचणीत ९० टक्के आल्याशिवाय तो उतरणार नाही. दवाखान्यात मोबाइल धरणारा मुलगा वाद घालून निघून गेला आणि अजून त्याच्याशी बोलत नाही. त्या वयस्कर गृहस्थांना त्याने आपल्या शेजारी बसवून घेतले, पँट वर केली आणि पाय सरळ करून दाखवला. माझ्यासमोर मात्र तो अजूनही म्हणतो की दवाखान्यात बोललो ते चुकीच्या माणसाला बोललो, पण चुकीचे बोललो नाही. या मुद्द्यावर आमचे एकमत झालेले नाही.